१९९२ च्या रोखे घोटाळ्यात पैसे दलालांनी नेले, तर बँकांनी एकमेकींवरच दावे का लावले आणि जिंकले कोण?

आपल्या प्रश्नाच्या पहिल्या भागावर बोलण्याचा मला थोडाफार अधिकार आहे. त्या काळात मी फोर्टमधील एका बँकेच्या रोखे (म्हणजे मुख्यतः सरकारी कर्जरोखे) विभागात अधिकारी होतो, आणि नेमक्या याच विषयावर माझे व माझ्या तेव्हाच्या साहेबांचे जे भांडण जुंपले, ते आम्ही दोघे निवृत्त झाल्यावरही मिटलेले नाही.

सरळ उत्तर असे की दलालाकडून वसुलीची आशा नव्हती आणि समोरच्या बँकेकडे पैसे होते. ६ जून १९९२ च्या अध्यादेशाने मुंबईत विशेष न्यायालय आले, अधिसूचित, म्हणजे घोटाळ्यासाठी सरकारने नावे जाहीर केलेल्या, दलालांची मालमत्ता जप्त होऊन सरकारने नेमलेल्या कस्टोडियनच्या हाती गेली, आणि पुढे झालेल्या कायद्याच्या ११ व्या कलमाने वाटपाचा क्रम ठरवून दिला: आधी सरकारी कर, मग बँका व वित्तीय संस्था, उरले तर इतर. प्राप्तिकर खात्याच्या मागण्यांचे आकडे पाहिल्यावर त्या रांगेत दुसरे उभे राहून हाती काय लागणार, हे कोणत्याही बँकेला कळत होते. शिवाय कागदोपत्री दलाल जवळजवळ नव्हताच. चेक एका बँकेने दुसऱ्या बँकेच्या नावे काढलेला, बीआर म्हणजे बँक रिसीट एका बँकेने दुसरीला दिलेली. मग दावा कोणावर लावायचा?

आता जे मी स्वतः पाहिले ते सांगतो. एका दुपारी दलालाच्या कचेरीतील मुलगा एक चेक घेऊन आमच्या काउंटरवर आला. चेक दुसऱ्या एका संस्थेचा, कोट्यवधी रुपयांचा, रेखांकित आणि आमच्या बँकेच्याच नावे होता. सोबत कसलेही पत्र नव्हते. होती ती दलालाच्या छापील पॅडवरची एक ओळीची चिठ्ठी, की ही रक्कम दलालाच्या चालू खात्यात जमा करावी. चेक बँकेच्या नावे आहे, तेव्हा तो कोणाच्या खात्यासाठी हे सांगण्याचा हक्क चेक काढणाऱ्याचा आहे, घेऊन येणाऱ्याचा नव्हे, असे मी म्हटले आणि चेक देणाऱ्या संस्थेचे पत्र आल्याशिवाय व्हाउचरवर सही करणार नाही, असे स्पष्ट सांगितले. मुलगा हसला. त्याने आमच्याच टेबलावरून फोन लावला आणि पाच मिनिटांत मला साहेबांच्या केबिनमध्ये बोलावणे आले.

साहेब मनाने वाईट नव्हते, हे आधीच नमूद करतो. ते म्हणाले की सगळा बाजार असाच चालतो, देणाऱ्या संस्थेलाही रक्कम कोणाच्या खात्यात जाणार हे ठाऊक आहे, आणि आपण एकटे पत्रे मागत बसलो तर उद्यापासून हा धंदा शेजारच्या बँकेत जाईल. मी ऐकले नाही. रक्कम त्या दिवशी सस्पेन्स खात्यात, म्हणजे कोणाची हे न ठरलेल्या पैशांच्या तात्पुरत्या खात्यात, राहिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी व्हाउचरवर स्वतःची सही करून ती दलालाच्या खात्यात वळवली. मी फाइलवर चार ओळींची टिपणी लिहिली, तारीख घातली आणि आवक नोंदवहीत तिचा क्रमांक चढवून घेतला. हा शेवटचा भाग महत्त्वाचा आहे, कारण पुढे सगळे फुटल्यावर आणि देणाऱ्या संस्थेने 'रोखे द्या, नाहीतर पैसे परत करा' अशी नोटीस पाठवल्यावर आमच्या वकिलांना ती टिपणी फाइलमध्ये असणे मुळीच आवडले नाही. पण क्रमांक चढलेला कागद गहाळ करण्याची छाती कोणाला झाली नाही.

नेमका हाच वाद सर्वांत मोठ्या प्रमाणावर लढला गेला तो नॅशनल हाउसिंग बँक आणि एएनझेड ग्रिंडलेज यांच्यात. हाउसिंग बँकेने ग्रिंडलेजच्या नावे चेक काढले आणि ग्रिंडलेजने ती रक्कम आपल्या खातेदाराच्या, म्हणजे दलाल हर्षद मेहताच्या खात्यात जमा केली. रक्कम सुमारे ५०६ कोटी रुपये. १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेच्या सूचनेवरून ग्रिंडलेजला ती हाउसिंग बँकेला द्यावी लागली आणि वाद लवादाकडे गेला. हाउसिंग बँक तेव्हा रिझर्व्ह बँकेच्याच मालकीची होती, त्यामुळे नियामकाने स्वतःच्या घरातील संस्थेला आधी पैसे मिळवून दिले, अशी कुजबुज बाजारात होती आणि ती अगदीच निराधार होती असे मला वाटत नाही.

मार्च १९९७ मध्ये लवादाने ग्रिंडलेजच्या बाजूने निवाडा दिला आणि व्याजासह ९१२ कोटी रुपये तिच्या पदरात पडले. त्या संध्याकाळी साहेबांचा मला घरी फोन आला. पेढे वाटायचेच काय ते त्यांनी बाकी ठेवले होते. 'बाजाराची रूढी म्हणजेच कायदा, आता तरी पटले का?' हा त्यांचा प्रश्न माझ्या अजून कानात आहे. १९९८ मध्ये विशेष न्यायालयाने तो निवाडा रद्द ठरवला, तेव्हा मात्र फोन मी केला. ग्रिंडलेज सर्वोच्च न्यायालयात गेली आणि वादातील रक्कम न्यायालयात जमा झाली. मधल्या काळात, २००० साली, एएनझेडने ग्रिंडलेज विकली ती स्टँडर्ड चार्टर्डला, म्हणजे याच घोटाळ्यात स्वतः जबर पोळलेल्या बँकेला. जानेवारी २००२ मध्ये दोन्ही पक्षांनी तडजोड केली. तोवर रक्कम व्याजासह १,६४५ कोटींवर गेली होती. त्यातील १,०२५ कोटी हाउसिंग बँकेला आणि ६२० कोटी एएनझेडला मिळाले.

या वाटणीवरून कोण बरोबर होते हे आपणच ठरवा. माझ्या मते, ज्याच्या हाती बासष्ट टक्के लागले त्याची बाजू भक्कम होती. साहेबांच्या मते तडजोड म्हणजे निकाल नव्हे, आणि ज्या संस्थेने कोणाच्या खात्यासाठी हे न लिहिता इतके मोठे चेक दलालाच्या हाती ठेवले तिला अडतीस टक्के सोडावे लागले, यातच सारे आले. त्यांच्या म्हणण्याचा उत्तरार्ध मला मान्य आहे. देणारी संस्था भोळी होती हे मी कधीच मानले नाही. रोखे ताब्यात न घेता पैसे सोडणारा कोणताही ट्रेझरी अधिकारी काय चालले आहे ते जाणून होता. परंतु दोघांनी मिळून नियम मोडला म्हणून तो मोडणे ही रूढी होते आणि रूढी झाली की ती बचाव ठरते, हे तर्कट मला कालही मान्य नव्हते आणि आजही नाही.

बीआरचे दावे याहून वेगळ्या वळणाने गेले. बीआर म्हणजे रोखे नव्हेत. 'पैसे मिळाले, रोखे हाती येताच ही पावती परत घेऊन देऊ', एवढेच लिहिलेला तो एक कागद असतो. ज्या बँकेकडे रोखे नव्हतेच तिनेही तो लिहून दिला, तर घेणाऱ्याने वसूल काय करायचे? बँक ऑफ कराडच्या अशाच पावत्या स्टँडर्ड चार्टर्ड आणि कॅनरा बँकेची उपकंपनी कॅनफिना यांच्या तिजोरीत निघाल्या. सातारा जिल्ह्यातील त्या छोट्याशा बँकेचे भांडवल किती आणि पावत्या केवढ्या, हे घेताना विचारायला हवे होते. ती बँक अवसायनात गेली, १९९४ मध्ये बँक ऑफ इंडियात विलीन झाली, आणि दलालाचे नावही न ऐकलेल्या कऱ्हाडच्या ठेवीदारांच्या जिवाला मधली दोन वर्षे घोर लागला.

जिंकले कोण, याचे एका वाक्यात उत्तर देणे कठीण आहे. रेडी फॉरवर्ड, म्हणजे आज रोखे विकून ठरल्या दिवशी परत विकत घ्यायच्या, व्यवहारांबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये बीओआय फायनान्स खटल्यात असे ठरवले की परतखरेदीचा उत्तरार्ध १९६९ च्या सरकारी अधिसूचनेनुसार बेकायदा, पण आधीची विक्री वैध. याचा व्यवहारातील अर्थ एवढाच की, त्या दिवशी रोखे ज्याच्या कपाटात होते ते त्याचे झाले.

मी वकील नाही, आणि वरील खटल्यांची टीपा-तारखांसह मांडणी हवी असल्यास ती एखाद्या वकिलाकडूनच घ्यावी. तसेच २००२ च्या फेब्रुवारीपासून सरकारी रोख्यांचे व्यवहार क्लिअरिंग कॉर्पोरेशनमार्फत पुरे होऊ लागले, त्यामुळे चेक आणि चिठ्ठीचा तो खेळ आज तसाच्या तसा होणे नाही. तरीही त्याच वर्षी होम ट्रेड या दलाली कंपनीचे प्रकरण उघडकीस आले आणि नागपूर जिल्हा मध्यवर्ती बँकेसह काही सहकारी बँकांनी रोख्यांसाठी दलालाला दिलेले पैसे गेले, रोखे आलेच नाहीत. साहेबांना मी त्याचे कात्रण पोस्टाने पाठवले होते. त्यावर त्यांचे म्हणणे असे की सहकारी बँकांची गोष्ट वेगळी. ती वेगळी कशी, हे त्यांनी अद्याप सांगितलेले नाही.