सातवीच्या मुलांना मूलभूत हक्क घोकंपट्टीशिवाय कसे शिकवावेत?

आधी प्रसंग द्या, कलम नंतर. नुसती यादी परीक्षेनंतर विसरली जाते. चार-पाच जणांच्या गटाला एकेक चिठ्ठी द्या: ‘सार्वजनिक विहिरीवर एका कुटुंबाला जातीमुळे पाणी भरू दिलं नाही’ (कलम 17), ‘तेरा वर्षांचा मुलगा कारखान्यात कामाला’ (कलम 24). हक्क कोणाचा, मोडला कोणी, दाद कुठे मागायची, एवढंच विचारा. तिसऱ्या प्रश्नावर मुलं अडतात. तिथे घाई नको, राज्यघटनेचं कलम 32 (थेट सर्वोच्च न्यायालयात दाद) आणि 226 (उच्च न्यायालयात दाद) तिथेच समजावा. मात्र प्रत्येक अन्याय म्हणजे मूलभूत हक्काचा भंग नव्हे. बहुतेक हक्क सरकारविरुद्ध आहेत. 17 आणि 24 खासगी व्यक्तींनाही लागू होतात. जुन्या गाईडमधला मालमत्तेचा हक्क वगळा, 44व्या घटनादुरुस्तीने (1978) तो मूलभूत राहिलेला नाही.