उड्डाण होताच वाट चुकली तर?

प्रश्न : मी ४० वर्षे ट्रॉलरवर तांडेल म्हणून काढली. पावसापाण्यात होकायंत्र आणि जीपीएस यांचा मेळ बसेनासा झाला की आम्ही इंजिन मंद करून थांबत असू आणि आपण नेमके कुठे आहोत याची खात्री पटल्यावरच पुढे जात असू. माझी नात आता वैमानिकाचे प्रशिक्षण घेत आहे. विमानाला तर हवेत थांबता येत नाही. उड्डाण होताच आपण भलत्या दिशेला निघालो आहोत असे लक्षात आले, तर वैमानिक काय करतात? आणि इतकी यंत्रे असताना अशी चूक होतेच कशी?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : थांबता येत नाही, हाच आपल्या प्रश्नाचा गाभा आहे. तरीही आधी दुसऱ्या भागाकडे वळतो, कारण अशा चुकांचे मूळ बहुधा हवेत नसते. विमान जागेवर उभे असतानाच ती पेरलेली असते.

निघण्यापूर्वी विमानातील जडत्वावर चालणाऱ्या दिशादर्शक यंत्रणेला आपण कोणत्या अक्षांश-रेखांशावर उभे आहोत हे सांगावे लागते, आणि पुढची प्रत्येक हालचाल ती या आरंभबिंदूपासून मोजत जाते. अनेक विमानांत हे आकडे आता जीपीएसवरून आपोआप भरले जातात, पण ते हाताने भरण्याची वेळही येते. आपल्या चिपी विमानतळाचेच पाहा. तो साधारण १६ अंश उत्तर अक्षांशावर आणि साडेत्र्याहत्तर अंश पूर्व रेखांशावर आहे. ७३ मधला ३ निसटून नुसता ७ राहिला, तर परुळ्याच्या सड्यावरचे विमान यंत्राच्या लेखी आफ्रिकेत, नायजरच्या वाळवंटात उभे असेल.

असे प्रत्यक्ष घडलेले आहे. १० मार्च २०१५ रोजी एअरएशिया एक्सचे एअरबस ए३३० विमान सिडनीहून क्वालालंपूरला निघाले, तेव्हा रेखांश १५१ अंश ९.८ मिनिटे भरण्याऐवजी १५ अंश १९.८ मिनिटे भरला गेला. एवढ्याने यंत्रणेच्या हिशेबात ११,००० किलोमीटरहून अधिक फरक पडला. उड्डाणानंतर ऑटोपायलट लावताच विमान डावीकडे, शेजारच्या समांतर धावपट्टीच्या निर्गमन मार्गाकडे सरकू लागले. ऑस्ट्रेलियाच्या तपास यंत्रणेने पुढे नोंदवले की चूक ओळखून सुधारण्याची संधी वैमानिकांना अनेकदा मिळाली होती. मला अधिक बोलके वाटते ते त्यानंतरचे. हवेत बिघाड दुरुस्त करण्याच्या प्रयत्नांत यंत्रणा आणखी कोलमडली, सिडनीचे हवामानही बिघडले आणि अखेर विमान मेलबर्नला सुखरूप उतरवावे लागले.

चुकीचा दुसरा उगम म्हणजे ऐन वेळी बदललेली धावपट्टी. मी सहवैमानिक असताना एका पावसाळी सकाळी वारा फिरला आणि निघता निघता आम्हाला उलट्या दिशेची धावपट्टी मिळाली. मी संगणकात धावपट्टी बदलली, पण जुन्या मार्गावरचा एक बिंदू तसाच राहिला. कॅप्टन नकाशावरचे एकेक नाव, दिशा आणि अंतर मोठ्याने वाचत होते आणि मी पडद्यावर ताडून पाहत होतो. नकाशात वळण उजवीकडे होते, तर माझ्या पडद्यावरची रेघ डावीकडे जात होती. ते फक्त इतकेच म्हणाले, “पुन्हा पहिल्यापासून वाचू या.” ते मोठ्याने वाचणे झाले नसते, तर त्या दिवशी आम्ही ढगांत उलटे वळलो असतो.

धावपट्टीवर उभे राहिल्यावरही एक पडताळणी असते आणि ती आपल्याला लगेच पटेल. धावपट्टीवर रंगवलेला आकडा म्हणजे होकायंत्रावरील दिशा, शेवटचे शून्य वगळून. आकडा २७ असेल, तर होकायंत्राने २७० च्या आसपास दाखवले पाहिजे. २००६ साली अमेरिकेत लेक्सिंग्टन येथे एक विमान २२ ऐवजी २६ या आखूड धावपट्टीवरून निघाले आणि ४९ माणसे गेली. होकायंत्रात ४० अंशांचा फरक डोळ्यांसमोर होता.

आता हवेत चूक उमगली तर. कुठे चुकलो हे शोधत दोघांनीही संगणकात मान घालायची नाही. त्या एका मिनिटात विमान कित्येक किलोमीटर पुढे गेलेले असते. आधी विमान उडवायचे, म्हणजे एकाने पंख, वेग आणि चढण यांवरून नजर हलवायची नाही. संगणकाने आखलेला मार्ग सोडून द्यायचा आणि ठाऊक असलेली सुरक्षित दिशा हाताने निवडायची. उंची घेत राहायचे, कारण चिपीहून पश्चिमेला निघालात तर पुढे मोकळा समुद्र असतो, पण भरल्या ढगांत पूर्वेकडे भरकटलात तर पुढ्यात सह्याद्री असतो. लगेच नियंत्रकाला सांगायचे, “आमच्या दिशादर्शनात गडबड आहे, दिशा द्या.” जिथे रडार आहे तिथे नियंत्रक अंश सांगून विमानाला वाट दाखवतो. सुरक्षित उंची गाठल्यावर मगच दुरुस्तीला हात घालायचा, तोही छापील सूचनावलीप्रमाणे.

यातले सर्वांत अवघड काम म्हणजे रेडिओवर “आम्हाला खात्री नाही” असे म्हणणे, हे मी अनुभवाने सांगतो. तरुण वैमानिक लाजतात आणि तिथेच मोलाचे क्षण जातात. आपल्या नातीला हे वाक्य प्रशिक्षणातच मोठ्याने म्हणायची सवय लावू द्या. उतरल्यावर तिने चुकीची नोंद स्वतःहून द्यावी. अशा नोंदींसाठी शिक्षेचा धाक नसलेली व्यवस्था देशादेशांनी ठेवावी, असे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट १९ मध्ये म्हटले आहे.

प्रश्न : आमचे विमान समुद्रावर जाऊन थोड्याच वेळात दोनदा वळले. वैमानिक वाट चुकला होता का?
— एक वाचक, देवगड

उत्तर : बहुधा नाही. निर्गमन मार्गांतच अशी वळणे आखलेली असतात, आणि दुसरे विमान जवळ असेल तर नियंत्रकही मधेच दिशा बदलायला सांगतो. खिडकीतून केवळ वळण दिसते. ते ठरलेले होते की नाही, हे प्रवाशाला आसनावरून ओळखता येत नाही.