चोंदलेले नाक म्हणजे अ‍ॅलर्जीच, असे नव्हे

प्रश्न (निपाणी): पाच वर्षांच्या मुलाचे नाक बारमाही चोंदलेले असते आणि रात्री तो तोंड उघडे टाकून घोरतो. अ‍ॅलर्जीचे औषध देऊनही फरक नाही. आमचे घर तंबाखूच्या वखारीशेजारी आहे.

उत्तर: नाकाच्या मागे, टाळूच्या वर अ‍ॅडेनॉइडची गाठ असते. साधारण तीन ते सात या वयात ती मोठी असते आणि पुढे आक्रसत जाते, परंतु काही मुलांत ती इतकी वाढते की श्वासाची वाटच अडते; अ‍ॅलर्जीच्या गोळीने ती लहान होत नाही. झोपेत त्याचा श्वास मध्येच थांबतो का, हे पाहून मोबाइलवर चित्रीकरण करा व नाक-कान-घसा तज्ज्ञांना दाखवा. हाकेला ओ देत नसेल तर कृपया त्याला हट्टी ठरवू नका. अशा मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठून ऐकू कमी येऊ शकते. तंबाखूची धूळ अ‍ॅलर्जी नसतानाही नाकाचे अस्तर सुजवते, म्हणून वखारीकडील खिडकी बंद ठेवावी.

प्रश्न (खानापूर): तीन वर्षांच्या मुलीच्या फक्त उजव्या नाकपुडीतून आठवडाभर घाण वासाचा शेंबूड येतो.

उत्तर: एकाच बाजूने दुर्गंधी येत असेल, तर आत चिंचोका, मणी, स्पंजचा तुकडा असे काही अडकले आहे, असेच धरून चालावे. चिमट्याने काढू पाहिल्यास वस्तू आणखी मागे सरकते, आणि बी असेल तर नाकात घातलेल्या थेंबांच्या ओलाव्याने ती फुगते. घरातील खेळण्याची किंवा रिमोटची बटणासारखी बॅटरी हरवली असेल, तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच बेळगाव गाठा. ती काही तासांत नाकाचा पडदा जाळते.

प्रश्न (शहापूर, बेळगाव): महिन्याच्या बाळाचे नाक घुरघुरते. आजी नाकात तेल सोडायला सांगतात.

उत्तर: आजींची काळजी रास्त आहे, पण तेल नको, ते फुफ्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. दूध पाजण्यापूर्वी औषध दुकानातील सलाइनचा, म्हणजे नाकात घालायच्या मिठाच्या पाण्याचा, एकेक थेंब पुरतो. दूध पिताना बाळ निळे पडत असेल आणि रडल्यावर पुन्हा गुलाबी होत असेल, तर नाकाची मागची वाट जन्मतः बंद असू शकते. त्याच क्षणी रुग्णालयात न्या.

प्रश्न (चिकोडी): नाक मोकळे करणारे थेंब महिनाभर घालतो आहोत, थांबवले की नाक पुन्हा बंद होते.

उत्तर: आता नाक थेंबांमुळेच चोंदते आहे. असे थेंब डॉक्टरांनी सांगितले तरच, तेही तीन ते पाच दिवसच घालायचे असतात. बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने ते बंद करा; सुरुवातीचे काही दिवस त्रास वाढेल, तेव्हा सलाइन वापरा.