शब्द ओळखीचे, तरी उत्तर चुकतं

(वाचक विचारतात. या वेळचे बहुतेक प्रश्न चीनच्या गाओकाओ या महाविद्यालयीन प्रवेश परीक्षेतल्या इंग्रजी उताऱ्यांबद्दल आहेत.)

प्रश्न : आम्ही नोकरीनिमित्त सुझोऊला राहतो. शेजारच्या चिनी कुटुंबातली मुलगी उच्च माध्यमिकच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे आपल्या अकरावीला आहे. ती इंग्रजीचे उतारे घेऊन माझ्याकडे येते. उताऱ्यातला कुठलाही शब्द विचारा, अर्थ सांगते. तरी १५ प्रश्नांपैकी ९ बरोबर येतात. गुण नेमके जातात कुठे?

उत्तर : आधी तिच्यापुढची प्रश्नपत्रिका पाहू. सुझोऊ च्यांगसू प्रांतात येतं आणि तिथे राष्ट्रीय प्रश्नपत्रिका चालते. (शांघाय, बीजिंग, त्यान्जिन यांच्या प्रश्नपत्रिका स्वतंत्र आहेत. शांघायमध्ये छापलेलं सराव पुस्तक भेट म्हणून आणू नका, त्याचा साचा वेगळा असतो.) वेळ दोन तास, गुण १५०. त्यात श्रवणाला ३०, वाचनाला ५०, भाषावापराला ३० आणि लेखनाला ४०. वाचनाच्या पहिल्या भागात चार उतारे (‘ए’, ‘बी’, ‘सी’, ‘डी’), १५ प्रश्न, प्रत्येकी अडीच गुण, म्हणजे साडेसदतीस. दुसऱ्या भागात एकाच उताऱ्यातल्या पाच रिकाम्या जागा सात वाक्यांतून भरायच्या, त्याचे साडेबारा. तुमच्या शेजारणीची सहा उत्तरं चुकतात, म्हणजे १५ गुण जातात. लेखनाच्या ४० गुणांतल्या सबंध पत्राला तेवढेच गुण आहेत.

हे गुण शब्द न आल्यामुळे जात नाहीत. जुळणारा शब्द दिसला की तिचा हात त्या पर्यायावर जातो, आणि पेपर काढणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. एक छोटा नमुना घ्या. उतारा असा : ‘गावातलं नवं ग्रंथालय तरुणांसाठी बांधलं होतं. पहिल्या वर्षी सर्वाधिक पुस्तकं मात्र निवृत्त माणसांनी नेली. तरुण येत, पण बहुतेक जण फोन चार्ज करायला.’ प्रश्न : पहिल्या वर्षाबद्दल काय कळतं?

अ. तरुणांनी सर्वाधिक पुस्तकं नेली.
ब. तरुण ग्रंथालयाकडे फिरकलेच नाहीत.
क. निवृत्तांना पुस्तकं मोफत मिळत होती.
ड. ज्यांच्यासाठी ते उभारलं, त्यांच्यापेक्षा इतरांनाच वाचनासाठी त्याचा जास्त उपयोग झाला.

‘अ’मधला प्रत्येक शब्द उताऱ्यात आहे, फक्त कर्ता बदललाय. चिनी शिक्षक याला एका जुन्या म्हणीने ओळखतात : झांगची टोपी लीच्या डोक्यावर. ‘ब’मध्ये ‘बहुतेक’चं ‘सगळे’ केलंय. ‘क’ खरं असेलही, पण उताऱ्यात त्याचा पत्ता नाही. बरोबर उत्तर ‘ड’, आणि त्यात ‘तरुण’ नाही, ‘निवृत्त’ नाही, ‘पुस्तकं’ही नाही. गाओकाओत बरोबर पर्याय बहुधा असाच येतो : अर्थ तोच, शब्द दुसरे. उताऱ्यातले शब्द जसेच्या तसे उचललेला पर्याय दिसला की त्यावर आधी संशय घ्यायचा.

तिला एक सवय लावा. पर्याय निवडल्यावर ज्या ओळीच्या जोरावर निवडला ती पेन्सिलने अधोरेखित करायची आणि बाजूला प्रश्नाचा आकडा लिहायचा. ओळ सापडली नाही तर उत्तर अंदाजाचं समजायचं. प्रश्न सहसा उताऱ्याच्या क्रमानेच येतात, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाची ओळ पहिल्याच्या खालीच शोधायची. शीर्षक किंवा मुख्य विचार विचारणारा प्रश्न याला अपवाद. त्याला सगळा उतारा लागतो, म्हणून तो कुठेही असला तरी शेवटी सोडवायचा.

चिनी मुलं चुकांची वही ठेवतात, तीही ठेवत असणार. पण त्या वहीत सबंध प्रश्न सुबक अक्षरात उतरवण्यात अर्धा तास जातो आणि हाती काही लागत नाही. तीन रकाने पुरेत : उताऱ्यातली कुठली ओळ, मी कुठला पर्याय घेतला, तो कशामुळे खोटा (कर्ता बदललेला, अतिशयोक्त की उताऱ्याबाहेरचा). वीसेक चुका झाल्या की तिसरा रकाना वरून खाली वाचावा. एकच कारण पुन्हा पुन्हा दिसलं तर पुढच्या सरावात त्याच प्रकारच्या पर्यायांवर डोळा ठेवायचा.

प्रश्न : लांब वाक्यात चिनी मुलं हमखास अडकतात. ‘हू’, ‘दॅट’, ‘विच’ची व्याकरणं त्यांना तोंडपाठ असतात, मग वाचताना काय होतं?

उत्तर : हा प्रश्न मराठी माणसाला कुठल्याही इंग्रज शिक्षकापेक्षा लवकर उमगावा. हे वाक्य पाहा : ‘द फार्मर्स हू हॅड सोल्ड देअर लँड टु द कंपनी दॅट बिल्ट द डॅम मूव्ह्ड टु द सिटी.’

मराठीत आपण सहज म्हणतो, ‘धरण बांधणाऱ्या कंपनीला जमिनी विकलेले शेतकरी शहरात राहायला गेले.’ शेतकऱ्यांचं सगळं वर्णन आधी, शेतकरी नंतर. चिनीतही तसंच : वर्णन आधी, मग ‘द’ असा उच्चार असलेलं एक अक्षर, मग नाम. इंग्रजीत नाम आधी येतं आणि वर्णन त्याच्यामागे शेपटासारखं वाढत जातं. आपल्याकडे निदान ‘ज्या शेतकऱ्यांनी जमिनी विकल्या ते…’ अशी ‘जो-तो’ची दुसरी वाट आहे. चिनीत तीही नाही. त्यामुळे मूल शेपटापर्यंत पोचतं तोवर शेतकरी विसरलेले असतात, आणि त्याला ‘डॅम मूव्ह्ड टु द सिटी’ असं वाचायला मिळतं. धरण शहरात गेलं! हसू नका, नेमका असाच पर्याय खाली दिलेला असतो.

उपाय हिशेबाचा आहे. काळ दाखवणारी क्रियापदं मोजायची : हॅड सोल्ड, बिल्ट, मूव्ह्ड, तीन. जोडणारे शब्द मोजायचे : हू, दॅट, दोन. क्रियापदं जोडशब्दांपेक्षा एकाने जास्त असतात. प्रत्येक जोडशब्दाला त्याचं क्रियापद द्यायचं. हू–हॅड सोल्ड, दॅट–बिल्ट. उरलं ते मुख्य : मूव्ह्ड. कोण? फार्मर्स. आता दोन्ही वर्णनं कंसात टाकली की वाक्य उरतं, ‘शेतकरी शहरात गेले.’

हिशेब दोन ठिकाणी फसतो. एक, जोडशब्द गाळलेला असतो : ‘द बुक आय बॉट’. दोन नामं किंवा नाम आणि सर्वनाम एकमेकांना खेटून आली की मधला शब्द गळालाय असं समजावं. दुसरं फसणं जास्त वाईट : ‘द हाउसेस बिल्ट ऑन सँड कोलॅप्स्ड.’ इथे ‘बिल्ट’ भूतकाळ नव्हे, ‘बांधलेली’ आहे. चिनी क्रियापद काळानुसार रूप बदलत नाही, म्हणून ही दोन रूपं कानाला वेगळी लागायची सवयच नसते. वाक्यात जोडशब्दाशिवाय दोन भूतकाळ दिसले तर पहिल्याच्या जागी ‘-लेला, -लेली’ घालून पाहायचं. बहुतेक वेळा तेच बसतं.

रोज पाच लांब वाक्यं, प्रत्येकाला दोन मिनिटं. भाषांतर लिहून घेऊ नका. कंस टाका, मुख्य कर्ता आणि क्रियापद सांगा, पुढे जा.

प्रश्न : शब्दांची यादी पाठ करणं कितपत उपयोगी? माझ्या ओळखीचा मुलगा रोज पन्नास शब्द घोकतो.

उत्तर : वर्णानुक्रमाच्या यादीबद्दल चिनी मुलांचाच एक जुना विनोद आहे : पुस्तक उघडलं की पहिला शब्द ‘अबॅन्डन’, अर्थ ‘सोडून देणे’, आणि मुलं तेच करतात. २०१७च्या अभ्यासक्रमानुसार या परीक्षेपर्यंत साधारण तीन हजारांवर शब्द अपेक्षित आहेत. एवढा पाया लागतोच. पण तिसऱ्या वर्षातली अडचण नवीन शब्दांची नसते, ओळखीच्या शब्दाच्या अनोळखी अर्थाची असते. ‘अ‍ॅड्रेस’ म्हणजे पत्ता हे सातवीत शिकलेलं. ‘टु अ‍ॅड्रेस द प्रॉब्लेम’ म्हणजे प्रश्न हाताळणं. ‘फाइन’ म्हणजे दंड. ‘टु चॅम्पियन’ म्हणजे एखाद्या गोष्टीचा पुरस्कार करणं. ‘एनीथिंग बट ईझी’ म्हणजे मुळीच सोपं नाही. ‘बट’चा अर्थ ‘पण’ धरणाऱ्याला वाक्य बरोबर उलटं कळतं.

शब्दार्थाच्या प्रश्नात नेहमीचा अर्थ चार पर्यायांत मुद्दाम ठेवलेला असतो. म्हणून आधी पर्याय झाकायचे. शब्दाच्या जागी रिकामी जागा समजून मागचं-पुढचं वाक्य वाचायचं, मनात स्वतःचा शब्द घालायचा, मग पर्याय उघडायचे. इशारा बहुधा दोन वाक्यांच्या आतच असतो : ‘हाउएव्हर’ने आलेला विरोध, आडव्या रेघेनंतरचा खुलासा, एखादं उदाहरण. पन्नास शब्दांऐवजी पंधरा घ्यावेत, पण प्रत्येक ज्या वाक्यात भेटला त्या वाक्यासकट.

प्रश्न : सात वाक्यांतून पाच निवडायचा प्रकार एकदा बिघडला की सगळाच बिघडतो. काय करावं?

उत्तर : बिघडतोच, कारण चुकीच्या जागी बसवलेलं वाक्य दुसऱ्या जागेचंही उत्तर खातं. म्हणून क्रमाने सोडवायचं नाही; सगळ्यात खात्रीची जागा आधी.

खात्री सर्वनामांतून मिळते. समजा पर्याय आहे, ‘दे ऑल्सो नीड लेस वॉटर.’ ‘दे’ आहे, म्हणजे आधीच्या वाक्यात अनेकवचन हवं. ‘ऑल्सो’ आहे, म्हणजे एक फायदा आधीच सांगून झालेला हवा. रिकाम्या जागेआधी ‘अ कॅक्टस’ असं एकवचन असेल तर विषय कितीही जुळो, हा पर्याय बाद. चिनी मुलं नेमकं इथे घसरतात. बोलण्यात तो, ती आणि ते या तिन्हींचा उच्चार ‘था’ असा एकच, आणि नामाला अनेकवचनाचा प्रत्यय बहुधा नसतोच. म्हणून प्रत्येक पर्यायातलं सर्वनाम, ‘धिस’, ‘सच’, ‘ऑल्सो’, ‘इन्स्टेड’ यांना आधी गोल करायचा आणि प्रत्येक गोलापासून मागे बाण काढायचा. बाण जिथे टेकत नाही तिथे वाक्य बसत नाही.

रिकामी जागा उपशीर्षकाची असेल तर बाकीची उपशीर्षकं पाहा. ती ‘कीप’, ‘चूज’, ‘ट्राय’ अशा आज्ञार्थाने सुरू होत असतील तर हेही तसंच सुरू होणार. परिच्छेदाच्या शेवटची जागा मागच्याचं सार असते किंवा पुढच्या परिच्छेदाचं दार. पुढची पहिली ओळ वाचल्याशिवाय ती भरू नये.

प्रश्न : वेळेची वाटणी कशी असावी? शेवटचा उतारा नेहमी राहून जातो.

उत्तर : श्रवणाला साधारण २० मिनिटं जातात, उरतात १००. त्यातली ३५ ते ३८ वाचनाला : ‘ए’ उताऱ्याला ४, ‘बी’ला ७, ‘सी’ला ८, ‘डी’ला १०, सात-पैकी-पाचला ८. लेखनाला ४० राखून ठेवा. ‘ए’ बहुधा जाहिरात किंवा माहितीपत्रक असतं. ते वाचून काढायचं नाही. प्रश्न वाचायचा, तारीख किंवा किंमत शोधायची, पुढे जायचं. इथे वाचवलेली तीन मिनिटं ‘डी’ला मिळतात. ‘डी’ बहुधा एखाद्या संशोधनावर असतो, आणि त्याची चाल ठरलेली : आधी एखादी समजूत, मग प्रयोग, मग निष्कर्ष, शेवटी मर्यादा. प्रयोगाचे तपशील नुसते चाळावेत. निष्कर्षाचं वाक्य आणि ‘हाउएव्हर’नंतरचं वाक्य मात्र दोनदा वाचावं.

सराव मागच्या वर्षांच्या खऱ्या प्रश्नपत्रिकांवरच करा. बाजारातल्या नमुना पेपरांचे उतारे बरे असतात, पण चुकीचे पर्याय ढिले असतात. ते कधी उघड खोटे, तर कधी बरोबर उत्तराइतकेच खरे. त्यावर घासून नजर बिघडते.

प्रश्न : पुण्यात बसून चिनी मुलांना ऑनलाइन शिकवता येईल का? एक एजन्सी अनामत रक्कम मागते आहे.

उत्तर : पैसे देऊ नका. जुलै २०२१मध्ये आलेल्या ‘दुहेरी भारकपात’ (गृहपाठ आणि शिकवण्या यांचा भार कमी करण्याच्या) धोरणाने शिकवणी संस्थांना चीनबाहेर राहणारे परदेशी शिक्षक नेमायला मनाई केली आहे. ते नियम मुख्यतः पहिली ते नववीसाठी असले, तरी उच्च माध्यमिकच्या शिकवण्यांनाही त्यांच्याच धर्तीवर वागवावं असं त्या धोरणातच लिहिलं आहे.