दात दाखवायला भारतवारीची वाट बघू नका

"डिसेंबरमधे भारतात जाणारच आहोत, तेव्हा दाखवू" हे बाहेर राहणाऱ्या मराठी घरांतून सारखं ऐकू येतं आणि त्यामागचं कारण खरंच आहे, अमेरिकेत डेंटल इन्शुरन्स असला तरी त्याला वर्षाची मर्यादा असते, एक रूट कॅनाल आणि वर कॅप झाली की ती तिथेच संपते, इंग्लंडमधे तर कितीतरी ठिकाणी एनएचएसचे, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचे, डेंटिस्ट नवीन पेशंटच घेत नाहीत. पण आज एका छोट्या फिलिंगवर भागणारी कीड सहा-आठ महिन्यांत नसेपर्यंत जाऊ शकते, आणि मग तीन आठवड्यांच्या सुट्टीत लग्न, देवदर्शन, नातेवाईक सांभाळून चार सिटिंग कुठे बसवणार? इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवलेला कृत्रिम दात, तर हाडात पक्का व्हायलाच साधारण तीन ते सहा महिने लागतात, तो एका ट्रिपमधे होत नाही. तरी तिथेच करायचं असेल तर पोचल्यापोचल्या पहिल्या दोन दिवसांतली अपॉइंटमेंट घ्या, आणि एक्सरे नि काय काय केलं त्याचा कागद मागून घ्या, परत आल्यावर दुखलं तर इथल्या डॉक्टरला तोच लागतो.

त्यापेक्षा जे फुकट मिळतंय ते आधी वापरा ना. अमेरिकेतल्या बहुतेक डेंटल प्लॅनमधे वर्षातून दोनदा तपासणी आणि क्लीनिंग बसतं, तरी लोक जात नाहीत. इंग्लंडमधे १८ वर्षांखालच्या मुलांना एनएचएसवर पैसे पडत नाहीत, गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर वर्षभर आईलाही नाही. नेदरलँड्समधे १८ पर्यंतच्या मुलांचं बरंचसं काम बेसिक इन्शुरन्समधेच येतं. जर्मनीत बोनसहेफ्टमधे, म्हणजे दातांच्या तपासणीच्या नोंदवहीत, दरवर्षी शिक्का घेत राहिलात तर पुढे कॅप किंवा ब्रिज लागला तेव्हा विमा जास्त पैसे देतो, त्यामुळे तो शिक्का चुकवू नका.

आता मुलांचं, आणि इथे मला जरा जास्त बोलायचंय. "दुधाचेच दात आहेत, पडणारच आहेत" हे घरातली मोठी माणसं प्रेमाने सांगतात, पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात आणि खालून येणाऱ्या पक्क्या दातांची जागा त्याच धरून ठेवतात. शिवाय साधारण सहाव्या वर्षी सगळ्यात मागे, दोन्ही बाजूंना वर-खाली एकेक नवीन दाढ येते, तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही म्हणून आईबाबांना कळतही नाही की ही पक्की, आयुष्यभराची दाढ आहे. तिच्या वरच्या खाचा खोल असतात, ब्रश तिथवर पोचत नाही, आणि ती लवकर किडते. मूल सहाचं झालं की टॉर्च घेऊन बघा, आणि ती आली असेल तर डेंटिस्टला सीलंटबद्दल स्वतःहून विचारा, खाचा भरून टाकतात, सुई नाही, दुखत नाही.

पहिला दात आल्यापासून ब्रश सुरू करायचा आणि पहिल्या वाढदिवसाच्या आत एकदा डेंटिस्टकडे न्यायचं. तीन वर्षांपर्यंत पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, नंतर वाटाण्याएवढी, आणि सात-आठ वर्षांपर्यंत रात्रीचा ब्रश तुम्ही स्वतः करून द्या. आरशासमोर मुलाच्या मागे उभं राहायचं, त्याचं डोकं आपल्या छातीला टेकवायचं, वरचा ओठ बोटाने उचलायचा आणि हिरडीला लागून पांढुरकी रेघ दिसते का बघायचं, दिसली तर कीड सुरू होतेय, लगेच दाखवा, या वेळेला ती थांबवता येते. आणि रात्री गोड दूध पिऊन, बाटली तोंडात ठेवून झोपवणं बंद, झोपेत लाळ कमी होते आणि ती साखर रात्रभर दातांवर राहते. दूध आधी, ब्रश शेवटी, त्यानंतर फक्त पाणी.

ब्रश झाल्यावर खळखळून चूळ भरायची आपली सवय मोडा. फेस थुंकायचा आणि सोडून द्यायचं, म्हणजे पेस्टमधलं कीड रोखणारं फ्लोराइड दातांवर राहतं. भारतातून बॅगा भरून पेस्ट आणत असाल तर ट्यूबच्या मागे बघा, काही आयुर्वेदिक पेस्टमधे फ्लोराइड नसतंच. मोठ्यांसाठी १३५० ते १५०० पीपीएम (हे फ्लोराइडचं प्रमाण) असलेली पेस्ट युरोपात कुठल्याही साध्या दुकानात मिळते, आणि इंग्लंडमधल्या सल्ल्यानुसार तीन वर्षांवरच्या मुलांनाही ती चालते.

मोठ्यांनी हिरडीतून रक्त आलं म्हणून तिथे ब्रश लावणं सोडू नका, रक्त येतंय म्हणजे बहुतेक वेळा तिथेच घाण साचलीय, मऊ ब्रशने रोज साफ करा, रात्री फ्लॉस करा, म्हणजे दातांच्या फटींतून दोरा फिरवा, थांबलं नाही तर दाखवा. डायबेटीस असेल तर जास्तच लक्ष द्या, हिरड्या बिघडल्या की शुगर आटोक्यात ठेवणं अवघड जातं, आणि शुगर वाढलेली राहिली की हिरड्या बिघडायची शक्यता वाढते. वर्क फ्रॉम होममधे दिवसभर गोड चहाचे घोट घेत बसणंही वाईट, प्यायचा तर एका वेळी पिऊन संपवा.

आईबाबा यायचे असतील तर तिकडून निघण्याआधी त्यांचे दात तपासून घ्यायला लावा, व्हिजिटर इन्शुरन्समधे नेहमीची दातांची कामं सहसा बसत नाहीत. कवळी रात्री काढून, धुवून पाण्यात ठेवायची. आणि घरात कोणी मिश्री लावत असेल तर ती तंबाखूच आहे हे त्यांना शांतपणे पण स्पष्ट सांगा, तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली तर विमानाची तारीख पुढे ढकलून आधी तिकडेच दाखवायला लावा.