तुटलेल्या शेपटीच्या जागी पाय उगवतात का?

प्रश्न : रोवणीच्या हंगामात बांधीत चिखलणी करताना पाय तुटलेले बेडूक सापडतात आणि तो पाय पुन्हा येत नाही, मात्र बोडीतल्या (लहान तळ्यातल्या) बेडूकमाशाची, म्हणजे बेडकाच्या पिल्लाची, तुटलेली शेपटी भरून येते. जीवनसत्त्व अ दिल्यास तिच्या जागी चक्क पाय उगवतात, असे ऐकले. हे खरे काय? असल्यास, अंगणवाडीत मुलांना त्याचा डोस पाजण्यात धोका नाही ना?
— एक शिक्षक, जि. भंडारा

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे आणि अभिमानाची गोष्ट म्हणजे हा शोध भारतातला आहे. ओडिशातील उत्कल विद्यापीठातील प्रियंबदा मोहंती-हेजमाडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी, एरवी जमिनीत दडून राहणाऱ्या आणि पावसाळ्यात बाहेर पडणाऱ्या एका गोलसर बेडकाच्या पिल्लांची शेपटी कापून त्यांना जीवनसत्त्व अ मिसळलेल्या पाण्यात ठेवले, तेव्हा काही पिल्लांच्या कापलेल्या जागी मागचे पाय उगवले. हे संशोधन 1992 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्याआधी, 1978 मध्येच, नियाझी आणि सक्सेना या संशोधकांनी भेकाच्या (खरबरीत कातडीच्या बेडकाच्या) पिल्लांचे कापलेले पाय या जीवनसत्त्वामुळे विचित्र रीतीने वाढतात, हे दाखवले होते.

येथे एक गैरसमज टाळावा. जीवनसत्त्व अ हे पाय वाढवणारे खत नव्हे. अवयव तुटल्यावर जखमेवर कातडी येते, तिच्याखाली पेशींचा कोंब तयार होतो आणि त्या पेशी, आपण अवयवाच्या कोणत्या भागात आहोत हे ओळखून, फक्त त्यापुढचा भाग घडवतात. शरीरात जीवनसत्त्व अ पासून बनणारे रेटिनॉइक आम्ल पेशीच्या केंद्रकात जाऊन ठरावीक जनुके चालू-बंद करते आणि ही ओळखच पालटते. ॲक्सोलॉटल या मेक्सिकोतील उभयचराचा पुढचा पाय मनगटापाशी कापून माल्कम मेडन या संशोधकाने हे जीवनसत्त्व भरपूर दिले, तेव्हा मनगटापुढे नुसता पंजा न येता दंडापासूनचा अख्खा हात आला (1982). मात्रा जितकी जास्त, तितका वरचा भाग पुन्हा घडला. निसर्गतः खांद्याकडे हे आम्ल जास्त आणि पंजाकडे कमी परिणाम करते, कारण पंजाकडे ते मोडून टाकणारे विकर (एन्झाइम) अधिक असते; 2025 मध्ये जेम्स मोनॅघन यांच्या गटाने ॲक्सोलॉटलमध्येच हे दाखवून दिले.

बेडकाच्या पिल्लाचा मागचा पाय कोंबाच्या अवस्थेत असतो तोवर तो कापला तरी पुन्हा येतो. रूपांतर पुढे सरकते तशी ही क्षमता मावळते. म्हणून बांधीतल्या बेडकाचा पाय परत येत नाही.

अंगणवाडीतील डोसाची भीती मात्र मुळीच बाळगू नये. मुलाचे हातपाय आईच्या पोटात दुसऱ्या महिन्याअखेरच आकाराला आलेले असतात, तर पहिला डोस नवव्या महिन्यात 1 लाख एककांचा आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी 2 लाख एककांचा असतो. रातांधळेपणा टाळण्यासाठी तो आवश्यक आहे. काळजी घ्यायची ती गरोदर बाईने, कारण गर्भाचे अवयव घडत असताना या जीवनसत्त्वाचा अतिरेक खरोखर घातक ठरतो. त्याच्या जास्त मात्रेच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिने घेऊ नयेत.