जुना संगणक : आधी बॅटरी काढा, मग वायर लावा

प्रश्न : वडिलांचा गोव्यातल्या साखळी गावात छापखाना होता. जत्रेतल्या नाटकांची हँडबिलं, लग्नपत्रिका, देवस्थानच्या पावत्या, असं काम. त्यांनी घेतलेला, ३८६ नावाच्या जुन्या चिपचा संगणक माळ्यावर गोणपाटाखाली सापडला. आत मराठीसाठीचं जिस्ट कार्डही आहे. भंगारवाला न्यायला तयार आहे, पण माझं मन होत नाही. एकदा चालू करून बघू का? आणि पिवळा पडलेला डबा पेरॉक्साइडने पांढरा करावा का? (एक वाचक, साखळी)

उत्तर : भंगारवाल्याला चहा पाजून परत पाठवा. आणि वायर प्लगजवळ सध्या नेऊच नका.

आधी कॅबिनेट उघडा. मदरबोर्डच्या कडेला बोटाच्या पेराएवढी, प्लास्टिकचं वेष्टन असलेली ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी असेल. ती गळते आणि तिच्यातला अल्कली तांब्याच्या बारीक रेषा खात जातो. भोवती हिरवट-पांढरा भुगा दिसला तर समजा, काम सुरू झालंय. कटरने तिचे पाय वरून कापा. भुग्यावर पांढरं व्हिनेगर ब्रशने लावा, मग डिस्टिल्ड वॉटर आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. रॉकेल नको. आपल्याकडे कशालाही रॉकेल लावायची खोड आहे, म्हणून सांगून ठेवतो.

दुसरी भीती पॉवर सप्लायची. त्या काळच्या काही सप्लायमध्ये कागदी कपॅसिटर असत. वरचं कवच तडकलं की ते हवेतला ओलावा पितात आणि वीज लागताच खोलीभर धूर करतात. गोव्याच्या पावसात ओलाव्याला तोटा नाही. जाणत्या मेकॅनिककडून ते बदलून घ्या. तुम्ही स्वतः सप्लाय उघडू नका, मॉनिटर तर मुळीच नाही. वायर काढलेली असली तरी पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठून राहू शकतात.

आता खरी ठेव. माझ्या मते ती डब्यात नाही, हार्ड डिस्कवर आहे. जिस्ट कार्ड पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं. ते स्लॉटमध्ये बसवलं की डॉसच्या, म्हणजे विंडोजआधीच्या यंत्रणेच्या, साध्या प्रोग्राममध्येही देवनागरी टाइप व्हायची. मजकूर इस्कीमध्ये, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या जुन्या संकेतपद्धतीत, साठवला जाई. आजच्या संगणकावर ती फाइल उघडली की भलतीच चिन्हं दिसतील. बिघडली समजून पुसू नका, इस्कीचं आजच्या युनिकोड संकेतपद्धतीत रूपांतर करता येतं.

बॅटरी मेली म्हणजे संगणकाला आपली डिस्कही आठवत नाही. डिस्कवरच्या लेबलावर सिलिंडर, हेड, सेक्टर असे आकडे असतात. ते वहीत उतरवा आणि संगणक सुरू होताना उघडणाऱ्या सेटअपमध्ये भरा. यूएसबीचं अडॅप्टर विकत आणाल, तर इतकी जुनी डिस्क त्याला बहुधा ओळखता येणार नाही. आयडीई पोर्ट (अशी जुनी डिस्क जोडायची जागा) असलेला एखादा जुना पेंटियम संगणक मिळवा आणि डिस्क फिरली की पहिल्याच बैठकीत सगळं उतरवून घ्या. दुसऱ्यांदा फिरेलच याची खात्री नाही.

पेरॉक्साइड नको. रंग काही काळ पांढरा होतो, पुन्हा पिवळा पडतो. वडिलांच्या हाताखाली पिवळा झालेला डबा तसाच बरा, असं माझं मत. तुमचा डबा, तुमची मर्जी.

ठेवताना प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधू नका. आत अडकलेल्या दमटपणाने बुरशी येते. घट्ट झाकणाच्या पेटीत सिलिका जेल घाला, जेल ओलं झालं की तापवून पुन्हा वापरा. चालू करून बघायचं ते पाऊस सरल्यावर, दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत.

प्रश्न : सव्वापाच इंची फ्लॉपीवर पांढरे ठिपके आलेत. वाचता येईल? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : ती बुरशी. तशीच ड्राइव्हमध्ये घातलीत तर फ्लॉपी वाचणारं हेड माखेल आणि पुढची चांगली फ्लॉपीही जाईल. पाकिटाची एक कड कापून आतली चकती अलगद काढा. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून धुवा, सावलीत वाळवा. टाकाऊ फ्लॉपीच्या स्वच्छ पाकिटात घालून वाचा आणि लगेच नक्कल करा.